बौद्धिक दिव्यांग भावंडाला स्मृतिभ्रंश जडतो तेव्हा : पहिल्यांदाच सांभाळणाऱ्यांसाठी

गोव्यात, फोंडा तालुक्यातल्या आमच्या गावात सकाळी साडेसहाला पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, हॉर्न वाजतो. माझा धाकटा भाऊ, ज्याला घरात आणि वाड्यावर सगळे बाबूच म्हणतात, तीसेक वर्षं त्या हॉर्नला कापडी पिशवी घेऊन फाटकाशी उभा असायचा. त्याला डाऊन सिंड्रोम आहे. सहाच्या पुढे त्याला मोजता येत नाही, पण सहा पाव आणण्यात त्याची कधी चूक झाली नाही. वयाच्या एकावन्नाव्या वर्षी एका सकाळी तो रिकामी पिशवी घेऊन परत आला. पोदेर त्याच्या समोरून निघून गेला होता. दुसऱ्या दिवशी चारच पाव आले. आम्ही म्हटलं, झोप झाली नसेल. ती स्मृतिभ्रंशाची सुरुवात होती, आणि निदान व्हायला त्यानंतर दीड वर्ष गेलं. तुमचा तेवढा वेळ वाया जाऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

आधी एवढं समजून घ्या

डाऊन सिंड्रोममध्ये २१ व्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असते, हे १९५९ साली जेरोम लेज्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. अल्झायमर हा स्मृतिभ्रंश घडवणारा आजार. त्यात मेंदूत जे अमायलॉइड नावाचं प्रथिन साचतं, ते तयार करणारं जनुकही याच २१ व्या गुणसूत्रावर आहे. प्रत जास्त, म्हणून साचणंही जास्त आणि तेही तरुणपणापासून. चाळिशीपर्यंत डाऊन सिंड्रोम असलेल्या जवळजवळ प्रत्येकाच्या मेंदूत अल्झायमरच्या खुणा दिसतात. लक्षणं मात्र साधारण पंचावन्नच्या आसपास उमटतात. कुणाला चाळिशीतच, कुणाला साठीतसुद्धा नाही. पुरेसं आयुष्य लाभलं तर हा आजार होण्याची शक्यता ९० टक्क्यांच्या वर जाते. इतर कारणांनी बौद्धिक दिव्यांगता असलेल्यांनाही धोका सर्वसाधारण माणसांपेक्षा जास्त असतो, पण इतका नाही.

आपल्या आजी-आजोबांना हे ठाऊक नव्हतं, कारण ही माणसं तेवढी जगतच नसत. अमेरिकेत १९८३ च्या सुमारास डाऊन सिंड्रोम असलेल्यांचं सरासरी आयुष्य पंचवीसच वर्षं होतं, आता ते साठीला पोचलंय. त्यामुळे आजार दार ठोठावतो तेव्हा आईवडील बहुधा गेलेले असतात किंवा स्वतःच थकलेले असतात, आणि सगळं भावंडांवर येतं. तुम्ही वहिनी असाल, भाची असाल, ध्यानीमनी नसताना हे अंगावर आलं असेल, तर एक गोष्ट मनाशी पक्की करा : हे तुमच्या हयगयीने झालेलं नाही.

पहिली पायरी : वही

आज काहीही बिघडलेलं नसलं तरी वही सुरू करा. डाऊन सिंड्रोम असेल तर तीस-पस्तिशीतच करावी. आम्ही केली नव्हती, आणि माझी सगळ्यात मोठी हळहळ हीच.

कारण सांगते. म्हातारपणी विसरभोळेपणा आला की डॉक्टर विचारतात, आज तारीख काय, शंभरातून सात वजा करा. बाबूला तारीख कधीच सांगता येत नव्हती. अशा चाचणीत तो पंचविशीतही नापास झाला असता. त्याची तुलना दुसऱ्या कुणाशी करून उपयोग नाही, ती त्याच्या स्वतःशीच करायला हवी. आणि तो आधी कसा होता हे घरच्यांखेरीज कोण सांगणार? म्हणून लिहून ठेवा : आंघोळ स्वतः करतो का, शर्टाची बटणं किती वेळात लावतो, कोणाकोणाची नावं घेतो, जिना पाय आलटूनपालटून उतरतो की एकेक पायरीवर थांबत, रात्री किती वाजता झोपतो, कोणती कामं कुणी न सांगता करतो. ‘घरकामात मदत करतो’ असं मोघम लिहू नका. ‘चार ताटं मांडतो, पाणी वाढतो, तांब्या विसरत नाही’ असं लिहा.

दर वर्षी एकाच सुमारास, आम्ही आता गणेशचवथीनंतरच्या आठवड्यात करतो, फोनवर तीन छोटे व्हिडिओ काढा : चालताना, जेवताना आणि गप्पा मारताना. पूर्वी विशेष शाळेत जात असेल तर तिथले जुने अहवाल मागून घ्या. ढवळीचं लोकविश्वास प्रतिष्ठान असो की पर्वरीची संजय स्कूल, बाईंनी वीस वर्षांपूर्वी लिहिलेलं प्रगतिपुस्तक आज डॉक्टरांच्या टेबलावर सोन्याच्या मोलाचं ठरतं. घरच्यांच्या उत्तरांवरून भरायच्या खास प्रश्नावल्याही आहेत. एकीला डीएसक्यूआयआयडी म्हणतात, दुसरीला एनटीजी-ईडीएसडी. डॉक्टरांना नाव घेऊन विचारा. विचारण्यात संकोच कसला?

दुसरी पायरी : काय बदललंय ते बघा

स्मृतिभ्रंश म्हणजे विसरणं, एवढंच आपल्या डोक्यात असतं. डाऊन सिंड्रोममध्ये पुष्कळदा आधी स्वभाव बदलतो. हसरा माणूस गप्प होतो, किंवा शांत माणूस हट्टाला पेटतो. आवडीचं काम सोडून देतो. कामातला क्रम चुकतो : बनियन शर्टावर घालतो, चहात साखर टाकून ढवळायचं राहून जातं. उंबरठ्याशी अडखळतो, फरशीचा रंग बदलला की पाय उचलत नाही. दुपारी पेंगतो, रात्री घरभर फिरतो.

एखादा दिवस बिनसला तर घाबरू नका. दोनतीन महिने तोच बदल टिकून राहिला तर तारीख घालून वहीत लिहा आणि डॉक्टरांकडे जा.

तिसरी पायरी : स्मृतिभ्रंशासारखं दिसणारं दुसरं काही आहे का?

इथे घाई नको आणि टाळाटाळही नको. पहिल्यांदा आम्ही बाबूला दाखवलं तेव्हा ऐकायला मिळालं, ‘वय झालं की अशा मुलांचं असंच होतं.’ त्याच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नाही. एकावन्न वर्षांच्या माणसाला ‘मूल’ म्हटलं गेलं आणि आम्ही मान डोलावून घरी आलो. तुम्ही तसं येऊ नका. दिव्यांगतेच्या सावलीत दुसरा आजार झाकला जातो, हे जगभर घडत आलंय. सरळ म्हणा, ‘डॉक्टर, हा सहा महिन्यांपूर्वी असा नव्हता’, आणि वही पुढे करा.

तपासून घ्यायच्या गोष्टी अशा. थायरॉइड सगळ्यात आधी. डाऊन सिंड्रोममध्ये तो मंदावणं फार सर्रास, दर वर्षी रक्त तपासावं. बी-१२. कान : या लोकांच्या कानाची नळी अरुंद, मळ साचून बसतो, ऐकू येत नाही आणि आपण म्हणतो समजत नाही. डोळे, कारण मोतीबिंदू लवकर येतो. झोपेत घोरताना श्वास अडकतो का? दात दुखतो का, पोट साफ होतं का, लघवीला जळजळ होते का? ही माणसं दुखणं तोंडाने सांगतीलच असं नाही, वागण्यातून सांगतात. बाईमाणूस असेल तर पाळी लवकर जाण्याचा काळही बघा. चाल अचानक बिघडली, हातातली ताकद गेली किंवा लघवीवरचा ताबा सुटला तर मानेच्या मणक्यांची तपासणी ताबडतोब हवी. डाऊन सिंड्रोममध्ये वरचे दोन मणके सैल असू शकतात.

औषधांची पिशवी डॉक्टरांपुढे उपडी करा. मानसिक त्रासासाठी कधीकाळी सुरू झालेल्या गोळ्यांसोबत दिली जाणारी ट्रायहेक्सीफेनिडिल, सर्दीवर झोप आणणाऱ्या गोळ्या, अशांनी गोंधळ वाढतो. पण स्वतःच्या मनाने काही बंद करू नका, फिटची गोळी तर नाहीच.

आणि दुःख. आमची आई गेल्यावर आठ महिन्यांनी हे सगळं सुरू झालं. आम्ही त्याला स्मशानात नेलं नव्हतं, बाराव्यालाही आतल्या खोलीत बसवलं होतं, ‘त्याला काय कळणार’ म्हणून. त्याला कळलं होतं. नैराश्याने माणूस हुबेहूब स्मृतिभ्रंशासारखा मंदावतो आणि त्यावर उपचार असतात. म्हणून डॉक्टरांना हेही सांगा : घरात कोण गेलं, कुणाचं लग्न होऊन कोण दूर गेलं, कोणती शाळा किंवा केंद्र सुटलं.

कुठे जायचं

जवळच्या आरोग्य केंद्रात रक्त तपासून, कान-डोळे दाखवून घ्या. पुढे बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, न्यूरॉलॉजी आणि त्याच परिसरात आयपीएचबी, म्हणजे मनोविकारांचं सरकारी इस्पितळ. ‘वेड्यांचं इस्पितळ’ ही जुनी भीती काही घरांत अजून आहे, ती सोडून द्या. ‘संगाथ’ या संस्थेने गोव्यात स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांच्या घरच्यांना घरी जाऊन आधार देण्याचा अभ्यास केला. २००८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात ८१ कुटुंबं होती. प्रशिक्षण घेतलेली साधी माणसं घरी येऊन बोलली, शिकवून गेली, एवढ्यानेच सांभाळणाऱ्यांचं मन बरंच हलकं झालं. ती कुटुंबं सर्वसाधारण वृद्धांची होती, पण आपल्यालाही तोच धडा लागू आहे. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, पैसे पडत नाहीत.

बांबोळीला सकाळच्या गर्दीत तीन तास बसणं बाबूला झेपत नाही. आम्ही एक जण आधी जाऊन केसपेपर काढतो आणि नंबर जवळ आला की फोन करतो. तोवर तो दुसऱ्याबरोबर गाडीत बसून असतो.

औषधांकडून काय अपेक्षा ठेवावी

थोडीच. डोनेपेझिल काहींना काही काळ उपयोगी पडतं, पण त्याने हृदयाचे ठोके मंदावू शकतात. डाऊन सिंड्रोममध्ये जन्मतःच हृदयदोष असणारे पुष्कळ, म्हणून ईसीजी काढल्याशिवाय सुरू करू नये. मेमँटीन या दुसऱ्या औषधाचा डाऊन सिंड्रोम असलेल्या चाळिशीपुढच्या लोकांवर अभ्यास झाला आणि २०१२ साली निष्कर्ष आला की फायदा दिसला नाही. वर्तमानपत्रात नव्या इंजेक्शनांच्या बातम्या येतात, त्यांच्या मुख्य चाचण्यांत डाऊन सिंड्रोम असलेले लोक घेतलेच नव्हते. शिवाय मेंदूत रक्तस्राव होण्याची भीती यांना जास्त. त्यांच्या मागे धावून जमीन विकायची वेळ आणू नका.

फिट मात्र औषधाने आवरते, आणि ती ओळखणं तुमच्या हातात आहे. रोज सकाळी बाबूच्या हातून चहाचा कप उडायचा. वहिनी स्टीलचा पेला देऊ लागली, तोही उडाला. झोपेतून उठल्यावर अर्ध्या तासात हाताला बसणारा तो झटका होता. या आजारात अशा फिट येतात. व्हिडिओ दाखवल्यावर न्यूरॉलॉजीच्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत ओळखलं. मोठी फिट पाच मिनिटांत थांबली नाही तर १०८ ला फोन करा. तोंडात चमचा, कांदा, चप्पल काही नको. कुशीवर वळवा आणि घड्याळ बघा.

घर आणि दिवस

नवीन काही शिकवायचं आता सोडून द्या. चूक दाखवून दिली तर तो सुधारणार नाही, नुसता शरमेल. ‘अरे, काल तर येत होतं!’ हे वाक्य आमच्या घरात बंद आहे. आता घराने त्याच्यासाठी बदलायचं.

विहिरीला जाळी आणि कुलूप, हे आजच्या आज. न्हाणीघरात पकडायला दांडी, खाली न घसरणारी चटई. दारातलं काळं पायपुसणं त्याला खड्डा वाटायचं, तो त्याला वळसा घालायचा आणि एकदा तोल जाऊन पडला. फरशीच्याच रंगाचं आणलं, त्रास संपला. पांढऱ्या ताटात भात दिसत नाही, निळं किंवा लाल ताट वापरा. संडासाच्या दारावर कमोडचं चित्र लावा. वाचता येणाऱ्यालाही चित्र लवकर कळतं. आरशातला माणूस कोण म्हणून घाबरत असेल तर आरसा झाका. पावसाळ्यात रात्री वीज गेली की त्याचा जीव कासावीस होतो, म्हणून एक चार्जिंगचा दिवा कायम पेटता.

सांगताना एका वेळी एकच गोष्ट सांगा, आणि मनात दहापर्यंत मोजून थांबा. त्याला उत्तर शोधायला तेवढा वेळ लागतो. आपण तीनवर आलो की दुसरं बोलू लागतो आणि त्याचा पहिला विचारही मोडतो. भाषेचंही बघा. आमच्याकडे शाळा मराठीची, पूजा मराठीची, पण लहानपणी अंगणात बोलली गेली ती कोकणी. आजार वाढला तशी त्याची मराठी मागे सरली. ‘बस’ म्हटल्यावर बघत राहतो, ‘बाबू, यो, बस मरे’ म्हटलं की बसतो. तुमच्या माणसाची अगदी आतली भाषा कोणती ते शोधा आणि तीच बोला. इस्पितळातल्या नर्सबाईंनाही तसं सांगा.

जुन्या सवयींचा धागा तोडू नका, सोपा करा. बाबू अजूनही पोदेरासाठी उभा राहतो. आता मी शेजारी असते, आणि पोदेर थांबून सहा पाव स्वतः मोजून पिशवीत घालतो. एवढं त्याला आम्ही सांगून ठेवलंय. चवथीला माटोळीखाली, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीखाली, सगळ्या घराची गर्दी, वर फटाके, हे त्याला सोसत नाही. मग पाहुणे येण्याआधी सकाळची आरती त्याच्यासाठी. घुमट, आरतीतलं ते मातीचं वाद्य, वाजलं की टाळ्या मात्र अजून तालात पडतात.

‘आई खंय?’

आई कुठे, हा प्रश्न रोज तिन्हीसांजेला येतो. सुरुवातीला मी खरं सांगायची, ‘आई देवाघरी गेली.’ प्रत्येक वेळी तो पहिल्यांदा ऐकल्यासारखा रडायचा, आणि पुन्हा विसरून पुन्हा विचारायचा. रोज संध्याकाळी त्याची आई नव्याने मरत होती. आता मी सांगते, ‘आईची आठवण येते ना? तिला काय आवडायचं रे?’ तो म्हणतो, ‘अबोली.’ आम्ही अंगणात जाऊन अबोली खुडतो, फोटोला घालतो. कधी तेवढ्याने भागतं, कधी नाही. खोटं बोलायचं का, असं नवीन माणसं विचारतात. बातमी पहिल्यांदा द्यायची असेल तेव्हा खरीच द्या, त्याला अंत्यसंस्काराला न्या, रडू द्या. पुढे आजारात तो पुन्हा पुन्हा विचारू लागला की बातमीचं उत्तर देऊ नका, त्यामागच्या ओढीला उत्तर द्या.

खाणंपिणं

गिळण्याचा त्रास हा या आजाराचा सगळ्यात धोक्याचा भाग. घास किंवा पाणी श्वासनलिकेत गेलं की न्यूमोनिया होतो, आणि शेवटी पुष्कळ जण त्यानेच जातात. जेवताना ठसका लागतो का, जेवल्यावर आवाज घोगरा, ओलसर येतो का, वरचेवर छातीत कफ भरतो का, हे बघा आणि स्पीच थेरपिस्टकडे गिळण्याची तपासणी मागा.

आपल्याला वाटतं, आजाऱ्याला पेज सगळ्यात सोपी. अख्ख्या उकड्या शितांची पातळ पेज उलट अवघड : पाणी पटकन घशात उतरतं, शीत तोंडातच राहतं, आणि दोन्हींचा मेळ त्याला साधत नाही. ती घोटून एकसारखी, चमच्यावरून ओघळणार नाही इतकी दाट करा. सुका पाव घशात गोळा होऊन अडकतो. तो चहात पूर्ण मऊ करून चमच्याने द्या. मासळी काटे काढून, कुस्करून हुमणात, म्हणजे कालवणात. पाठ ताठ, पाय जमिनीला टेकलेले, टीव्ही बंद, घास छोटा, आधीचा गिळल्याशिवाय पुढचा नाही. जेवण झाल्यावर अर्धा तास आडवं होऊ देऊ नका. दात रोज घासा. तोंड अस्वच्छ असेल तर छातीत जाणारी घाणही वाढते.

कागद

हे लवकर करा, अंगठा आणि सही जमते तोवर. दिव्यांगांचं ओळखपत्र, म्हणजे यूडीआयडी. गोवा सरकारच्या दयानंद सामाजिक सुरक्षा योजनेचं मानधन मिळत नसेल तर अर्ज. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालची निरामय विमा योजना, वर्षाला एक लाखापर्यंत. अठरा वर्षांनंतर आईवडीलसुद्धा आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. याच कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे पालकत्वासाठी अर्ज करता येतो. वडील किंवा आई सरकारी नोकरीत होते का? मग अवलंबून असलेल्या दिव्यांग अपत्याला कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं का ते त्यांच्या खात्यात विचारा. कितीतरी घरांत ते कुणी मागितलेलंच नसतं.

तुमचं स्वतःचं

‘काही मदत लागली तर सांगा’ असं म्हणणाऱ्याला लगेच काम सांगा, तेही नेमकं : ‘शनिवारी चार ते सहा बाबूपाशी बसशील?’ आमच्या शेजारच्या काकी बुधवारी दुपारी येतात, मी तेवढ्यात झोपते. बाहेरही जात नाही, झोपते. तुमची पाठ गेली तर त्याला उचलणार कोण?

वहीचं पहिलं पान

इस्पितळात भरती व्हायची वेळ येईल, तेव्हा डॉक्टर नवे असतील आणि तुम्ही घाबरलेल्या असाल. म्हणून वहीचं पहिलं पान आजच लिहा, मोठ्या अक्षरांत. आमचं असं आहे :

मला बाबू म्हणा. माझ्याशी कोकणीत बोला. मला डाऊन सिंड्रोम आणि स्मृतिभ्रंश आहे. पूर्वी मी चालत होतो, बोलत होतो, पाव आणत होतो. फिटची गोळी सकाळ-रात्र, चुकवू नका. थायरॉइडची रिकाम्या पोटी. पाणी दाट करून, चमच्याने, बसवून. डाव्या कानाने कमी ऐकू येतं, उजवीकडून बोला. दुखलं की मी ओरडत नाही, शर्टाचं टोक चावतो. सुई टोचण्याआधी हात दाखवा. रात्री दिवा ठेवा. बहिणीला जवळ राहू द्या.

खाली दोन फोन नंबर, औषधांची यादी आणि यूडीआयडीची झेरॉक्स. वही दारामागच्या पिशवीत, टॉवेल आणि त्याच्या निळ्या ताटाबरोबर.